सूर येथे रात्रपाळी

गावाचं नाव सूर.
मराठी माणसाला ऐकून आधी बरं वाटतं,
मग इथं आल्यावर कळतं, गाणं वगैरे काही नाही.
एक खाडी, लाकडी होड्यांचा कारखाना, दीपस्तंभ,
आणि किनाऱ्याला लागून आमचा प्लांट,
जिथं रात्रभर समुद्रातून मीठ वेगळं करतात.

मी प्रयोगशाळेत. दर दोन तासांनी
नळाखाली बाटली धरायची, आकडा वाचायचा, वहीत सही.
चाळीस हजार आत येतं, दीडशे बाहेर पडतं.
पलीकडे शहर झोपलेलं.
पहाटे कुणी वजूसाठी नळ सोडेल,
कुणी चहाचं आधण ठेवेल,
कुणीही विचारणार नाही
रात्री वहीवर सही कुणाची होती.

प्रभू, एवढा भरवसा टाकतात माझ्यावर
जे मला ओळखतही नाहीत.
आणि मी, बाप्तिस्म्यापासून तुझं नाव लावणारा,
तुझ्याकडे रिपोर्ट मागत बसलोय.

सलोमीची गाठ मंगळवारी काढली, जालन्याला.
तुकडा पुण्याला पाठवलाय.
आठ दिवस, डॉक्टर म्हणाले,
जणू आठ दिवस म्हणजे आठच दिवस असतात.
फोनवर ती सिलिंडर संपल्याचं बोलली,
आभाच्या गणिताच्या मार्कांचं बोलली,
गाठीबद्दल एकच वाक्य, ‘टाके ओढतात जरा.’
शुक्रवारी, म्हणजे आमच्या रविवारी,
थंपीच्या खोलीत अकरा जण जमलो,
मल्याळी, तेलुगू, एक फिलिपिनो नर्स.
ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत तिला तुझ्यापुढं ठेवलं.
तिचं नाव प्रत्येक तोंडात वेगळंच झालं.
तू तरी ओळखशील ना?

माझा बाप विहिरी खोदायचा.
सुरुंगाची वात पेटवून वर यायचा तेव्हा
दोर ओढायला धाकटा चुलता,
दिवसभर बिड्या ओढणारा, विसराळू.
मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत?
बाप म्हणाला, वाटते की.
म्हणून तर दोर धरतो.

मागे आभानं विचारलं होतं, देव कसा असतो?
मी म्हटलं, चांगला.
ती म्हणाली, ते माहितीये.
त्यापुढे मला काही सुचलं नाही.

इथं सगळं एका पडद्यावर आहे,
कागदाहून पातळ.
तो फाटला की मीठ आत घुसतं, आकडा उसळतो,
भोंगा वाजतो, आम्ही धावत सुटतो.
तुझ्या मंदिरातला पडदा फाटला
तेव्हा कुणी भोंगा वाजवला नाही.
पलीकडे एकट्यानं गोड राहणं
तुला नकोच होतं.
आमचं सगळं खारं तू आत येऊ दिलंस,
घाम, डोळ्यातलं, रक्तातलं.
माझ्या वहीत याला रकाना नाही.

आणि आम्ही जे मीठ काढतो
ते दुप्पट कडू करून समुद्रालाच परत देतो.
मासे जरा लांब राहतात त्या पाइपापासून.
समुद्र मात्र घेतो.
सकाळी आभा उठली की तिला एवढंच सांगेन,
आणि हेही की तुझ्या बापाला अजून भीती वाटते.

चारचा नमुना. एकशे अठ्ठेचाळीस. सही.
उरलेलं पाणी रोज मोरीत ओततो,
आज उभ्यानं प्यायलो.
चव काही नव्हती. पाणी होतं.

बांग झाली. खाडीत कुणाचं तरी इंजिन सुरू झालं,
बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.
फोन वरच्या खिशात आहे, आवाज मोठा करून.
सहाचा नमुना अजून घ्यायचाय.