आठ अक्षरं

रात्रीचे पावणेदोन. डंडी, पालिकेचं तळघर.
पंख्यांची घरघर, डब्यात उरलेले दडपे पोहे,
आणि पडद्यावर एक यंत्र, जे यंत्र नाहीच.
ना पत्रा, ना स्क्रू. दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसून
आपण यंत्र आहोत असं समजत चालणारं.
अकरा वर्षं समजत होतं.
काल दुपारी थांबलं.

त्याच्यात या शहरातली मेलेली माणसं आहेत.
म्हणजे त्यांचे पत्ते: कोणती रांग, कितवा खड्डा,
वर कोण, खाली कोण, अजून कितींना जागा.
खड्ड्याला इथे लेअर म्हणतात.
सकाळी साडेनऊला मिस्टर पिटकेथलींना
बायकोच्या वर ठेवायचंय.
बायको नेमकी कुठे आहे, ते या मुक्याला ठाऊक.

दफनभूमीच्या कचेरीतून तीनदा फोन.
मिसेस ऑक्टरलोनी. तिचं आडनाव मला जमत नाही,
माझं तिला. ती मला हेन म्हणते,
म्हणजे कोंबडी. प्रेमानं.
"सापडली का गं, कोंबडे?"
नाही अजून.

चालू कर म्हटलं की एकच वाक्य:
मुलाच्या जन्मानंतर मूळ डिस्क बदलली आहे. उघडता येत नाही.
पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा केलं, जसं कुलपात चुकीची किल्ली
आपण जरा जोरानं फिरवून बघतो.

आधी नक्कल. हात लावण्याआधी नक्कल.
हे मला रॉडीनं शिकवलं,
ज्यानं शुक्रवारी, घरी जायच्या घाईत,
मूळ डिस्क भलत्याच यंत्राला जोडून पाहिली.
नक्कल न करता.

नक्कल व्हायला एक तास चाळीस मिनिटं.
मिरजेत तेव्हा उजाडत असणार.
तीन आठवड्यांपूर्वी आईनं फोटो पाठवला होता,
बँकेच्या नव्या पासबुकाचा:
कुमुदिनी गोविंद आठल्ये.
सहासष्टाव्या वर्षी, बाबा गेल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात,
माहेरचं नाव परत. कुणाला न विचारता.
मी लिहिलं, याची काय गरज होती?
दोन निळ्या खुणा.
मग काहीच नाही.

नक्कल झाली. मुलाच्या फायलीबरोबर
एक चिठ्ठी असते, दहाबारा ओळींची.
त्यात लिहिलेलं: माझं मूळ अमुक. आठ अक्षरं.
मूळ डिस्क उघडून पाहिली,
तिची आठ अक्षरं वेगळी.
बाकी सगळं जागच्या जागी. एक थडगंही हललेलं नाही.
पोराकडे फक्त जुनी ओळख होती,
आणि तो दारातच अडून बसला होता.

मुळाला हात लावायचा नसतो.
दुरुस्ती मुलात करायची.
जुनी अक्षरं खोडली, तिची आत्ताची लिहिली,
एकेक, बोट ठेवून, मोठ्यानं वाचत.
तळघरात ऐकायला कुणी नव्हतं.

काळा पडदा. मग ओळी धावू लागल्या.
अनाथ नोंदी सापडल्या, सतरा.
सतराही लागल्या मार्गी.
मग नाव विचारलं त्यानं माझं, आणि पासवर्ड.

पूर्वेची रांग, एकशे सात. खाली मार्गरेट, सत्याण्णव साल.
जागा: एक.
मिसेस ऑक्टरलोनी पहिल्याच घंटीला.
"गुणाची कोंबडी," म्हणाली, आणि नाक शिंकरलं.

बाहेर पाच वाजले होते. ताय नदीवर हार.
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथे हार म्हणतात;
पहिल्या वर्षी मला वाटायचं
हे लोक सकाळी उठून हार मानतात की काय.
पूल अर्ध्यावर संपलेला.
सीगल कचऱ्याच्या डब्यावर भांडत होते.

फोनमध्ये ती नुसतीच आई. तिथे बदलायला काही नव्हतं.
पण डिक्कीत पार्सल होतं, तीन आठवडे तसंच:
राखाडी लोकर, चार नंबरच्या सुया,
आणि माझ्या हस्ताक्षरात रेठरेकर.
बॉनेटवर ठेवून ते खोडलं.
पेन ओलाव्यानं नीट उठेना,
गिरवून गिरवून लिहिलं. आठल्ये.
खालचं जुनं दिसतंय थोडं.
दिसू दे.

पोस्ट नऊला उघडतं.