बाटली नंबर तीन

दर आठ तासांनी शिडी चढतो मी,
सोनेगाव रिठच्या ग्रामपंचायतीची गच्ची.
पंप घरघरतो,
हवा बुडबुडत जाते द्रावणातून.
पुढे चंद्रपूरला कुणीतरी दोन थेंब टाकतं
आणि पाणी जांभळं होतं.
जितका गंधक, तितकं पिकलेलं जांभूळ.

समोर चार चिमण्या.
एकही उडत नाही.

खालून पोचूबावा टेकाम विचारतो,
"एवढं ऊन तपते, सत्तेचाळीस.
गोटा फुटते, डांबर पघळते,
मंग हा धुराचा वास काहून नाई फुटत गा?"

बावा, आपल्यापर्यंत येतं ते बोथट ऊन.
त्याची धार वरच काढून घेतात,
ओझोनच्या चौकीवर.
ज्या किरणांनी हा वायू सरळ चिरला असता
ते गावात उतरतच नाहीत.
उतरले असते तर
आधी तुझी-माझी कातडी सोलली असती.

इथलं काम आडून चालतं.
ऊन फोडतं ओझोनचा कण,
सुटलेला ऑक्सिजन हवेतल्या ओलीला धडकतो,
आणि जन्मतं काहीतरी अर्धवट,
सेकंदभरही न जगणारं,
भुकेलं.
ते झडप घालतं गंधकाच्या वायूवर.
एकेक कण. कित्येक दिवस.

तोवर वारा थोडाच थांबतो?
धूर इथला,
आंबट थेंब पडतो कुठल्या तरी धानाच्या बांधीत,
जिथल्या माणसानं ही चिमणी
पाहिलीसुद्धा नाही.

पोचूबावा बोडीकडे पाहत राहिला.
दिवाळीच्या आगेमागे तिथं अंबाडी सडवतो तो, दोरासाठी;
सडक्या अंड्यासारखा वास अख्ख्या टोल्यावर.
हळूच म्हणाला,
"मंग माही अंबाडी बी येते का बाटलीत?"

येईल, बावा. रूप बदलून.
तेच भुकेलं तिलाही खातं,
आणि तिचाही होतो शेवटी हाच वायू.
पण तोवर ती दुसऱ्याच गावच्या
गच्चीवर पोचलेली असेल.

तो हसला नाही.
"म्हणजे तुटते, पर सरत नाई."

मी मान हलवली.
हे वाक्य माझ्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात नव्हतं.

रात्री दोनला पुन्हा शिडी.
अंधारात ते भुकेलं जन्मत नाही,
चिमण्या मात्र झोपत नाहीत.
बाटली नंबर तीन काढतो,
बर्फाच्या खोक्यात ठेवतो,
काळ्या कागदात नीट गुंडाळून,
सकाळी वाटेत
ऊन लागू नये म्हणून.

नियमात तसंच लिहिलंय.