रोजच्या वापरासाठी

आमच्या दुकानात दुपारी अडीचलाच दिवे लागतात.
बाहेर बोथ्नियाचं आखात
गोठू की नको करत पडलेलं,
आत तेहेतीस पडदे एकाच वेळी
कुठल्याशा उन्हाळ्यातलं तेच एक तळं दाखवत उभे.

मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारतो,
कंपनीनेच शिकवलाय:
कशासाठी हवंय?
आणि सगळे, अगदी सगळे, म्हणतात
रोजच्या वापरासाठी.

टगबोटीवरचा यॉर्मा तेच म्हणाला,
त्याच्या रोजात डिझेलने माखलेले हात होते.
नर्सिंगची ती मुलगीही तेच म्हणाली,
तिच्या रोजात झोपच नव्हती.

हिल्क्का कोर्पेला आल्या त्या
पिशवीत शिंप्याची टेप घेऊन.
टॅबलेटची रुंदी मोजली, ओठांतल्या ओठांत आकडा घोळवला.
खिडकीच्या कट्ट्यावर, म्हणाल्या, सत्तावीस सेंटीमीटर जागा आहे,
पलीकडे जिरेनियम आहे, ते हलणार नाही.

बोट टेकवलं. पडदा ढिम्म.
पुन्हा टेकवलं.
कोरडी पडतात बोटं या वयात, मी म्हणालो नाही,
पण काचेला ते माझ्याआधी कळलं होतं.
त्यांनी तर्जनी जिभेला लावली,
पान उलटायच्या आधी लावतात तशी,
आणि तळं बाजूला सरकलं.

मग मी हायब्रिड दाखवला.
हा लॅपटॉप, आणि हा असा, टक्, टॅबलेट.
एक ना धड, भाराभर चिंध्या, त्या पुटपुटल्या,
पण मान तिरकी करून बघत राहिल्या.
पुन्हा कर.
टक्.
पुन्हा.
तोडल्यावर याला काही आठवतं का?
पडद्याला सगळं आठवतं, मी म्हणालो,
कीबोर्डला काहीच नाही.
हं, म्हणाल्या. आमच्या घरी उलटं होतं.

किंमत सांगितली. मग खालच्या आवाजात
हेही सांगितलं की कीबोर्डचे पैसे वेगळे.
दार विकता आणि कडी वेगळी?
मागचं गिऱ्हाईक हसलं. मी नाही हसलो,
हा नियम मलाही कधी समजलेला नाही.

त्या उठून गेल्या.
मी काचेवरचा ओला ठसा पुसायला फडकं घेतलं
आणि का कोण जाणे, तसंच ठेवून दिलं.

दहा मिनिटांनी परत. डोक्यावर बर्फाची पूड.
बसून लिहून बघू का?
खुर्ची दिली. हातमोजे मांडीवर, कोट अंगातच.
डोळे मिटले त्यांनी, आणि दुकानात
असा आवाज सुरू झाला की
तेहेतिसांतल्या एकाही पडद्याला तो येत नव्हता.
दहाही बोटं. न अडखळता.
एकतीस वर्षं कागद कारखान्याच्या कचेरीत
पत्रं टाइप केलेली बोटं ती,
आता काचेलाही ओळखू न येणारी.

मी वाकून वाचलं:
आपले पत्र पोहोचले. माल मंगळवारी रवाना होईल.
कळावे,
हार्यूसारी पेपर.

कारखाना बंद होऊन सोळा वर्षं झाली.
तिथे आता गोदाम आहे, टायरचं.
आणि पडद्यावर त्या नावाखाली
लाल, नागमोडी रेघ.

काय चुकलं माझं?
काही नाही, म्हटलं. याला तो शब्द माहीत नाही.
डोळे बारीक करून बराच वेळ रेघेकडे पाहिलं त्यांनी.
मी दाखवलं, इथे दाबून धरा,
शब्दकोशात घाला असं येईल.
जीभ, तर्जनी, काच.
रेघ गेली.

पण हा तर दुकानातला नमुना, त्या म्हणाल्या.
घरी जो येईल तो कोरा असेल ना?

कोराच असतो.

मग हाच द्या.

नमुना विकायचा नाही असा नियम आहे.
मॅनेजर जेवायला गेला होता.
मी साखळीचं कुलूप उघडलं,
कीबोर्डचे पैसे बिलात लावायचे विसरलो,
आणि कट्ट्यासाठी म्हणून
टेपने पुन्हा एकदा रुंदी मोजली:
साडेसव्वीस.