मागची सीट

म्हापशाच्या स्टँडवर एकवीस वर्षं पायलट आहे मी.
पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल,
उजवा आरसा जरा आत वळवलेला,
मागच्याचा चेहरा दिसावा म्हणून.
हणजूणहून पहाटे किती आणले:
बुबुळं एवढी की डोळ्याला रंगच उरत नाही,
जबडा चघळतोय काहीच नसलेलं.
कोण पैसे बुडवणार, कोण वळणावर घसरणार,
शिवोलीच्या पुलाआधी कळायचं मला.

घरात आरसा असा वळवला नव्हता.
प्रज्योतनं मानकुराद ताटात तसाच ठेवला,
मी म्हटलं, परीक्षा.
एप्रिलच्या उकाड्यात लांब बाह्या,
म्हटलं, फॅशन.
डब्यातले पैसे त्याच्या आईनं दोनदा मोजले,
मी तिलाच म्हटलं, तुला हिशेब येत नाही.
फुटबॉलचे बूट त्यानं रोमाल्दला विकले.
तेही रोमाल्दच्या आईकडून कळलं.

आज शाळेसाठी मागे बसवला.
पुलाआधी नजर आरशात गेली, सवयीनं.
गिऱ्हाइकाचे डोळे.

शाळेचं फाटक आलं, गेलं.
कुठे चाललोय, त्यानं विचारलं नाही.
माझ्याच तोंडून निघालं
दिवसात वीसदा निघतं ते:
खंय सोडूं?

पाठीला त्याचं कपाळ टेकलं.
झोप असेल,
म्हणणार होतो.