रकाना क्रमांक नऊ

पाणी उतरून चार दिवस झाले.
परशुराम भठ्ठ्याच्या गल्लीत
घराघरांतून चिखलाची एकच रेघ, एकाच उंचीवर.
इतकं समान वाटप
बडोद्यात मी दुसरं पाहिलं नाही.

मी टेप धरते, भरतभाई लिहितात.
चार फूट दोन इंच.
चार फूट दोन इंच.
पाचव्या घरात रेघच नाही.
विमलताई शिर्केंनी घासून काढली,
गणपती बसायचे म्हणून.
आता पुरावा कुठला?
मी शेजारची रेघ बोटानं भिंतीच्या कडेपर्यंत आणते
आणि अलीकडून तशीच पुढे नेते.
पाणी काही भिंतीपाशी थांबून
आत येऊ का विचारत नाही.
भरतभाई माझ्याकडे बघतात, मग लिहितात.

रकाना सात, भांडीकुंडी. रकाना आठ, जनावरं.
रकाना नऊ, आपत्तीचं कारण :
पूर, वादळ, भूकंप, आग, गारपीट.
यांतल्या एकावरच खूण करायची.
जिन्याखालच्या खोलीतला मुलगा म्हणतो, मगर लिहा.
तीन पायऱ्या चढून आली होती, फ्रिजला टेकून बसली होती.
तिचंही घर बुडालं होतं बिचारीचं,
त्याची आई म्हणते, आणि हसता हसता
एकदम गप्प होते.

रेवाबेनचं घर शेवटचं.
इस्त्रीची गाडी उलटी पडलेली, कोळसे भिजून चिखल झालेले.
तिनं मला ओट्यावर बसवलं,
पिशवीतून एक लगदा काढला.
हा दाखला होता, म्हणाली,
यांच्या मृत्यूचा. मे महिन्यातला.
पत्र्याखाली इस्त्री करत होते, दुपारी दोन वाजता.
गिऱ्हाइकाचा शर्ट अर्धा झाला होता.
डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं.
बेन, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं.
माणूस मे महिन्यानं नेला, कागद ऑगस्टनं नेला.
दोन्ही एकाच रकान्यात बसतील का?

मी रकाना नऊ पुन्हा वाचला.
ऊन त्यात नव्हतं.
ऊन कधी आपत्ती नव्हतंच आमच्याकडे,
तो नुसता उन्हाळा होता.

कोठीत परत आले तर टेबलावर मसुदा.
साहेब म्हणाले, धोरणात आता
हवामानबदल घ्यायचा आहे वरून,
तुम्ही गल्लीबोळांत फिरता, शुक्रवारपर्यंत सुचवा काहीतरी.
पान तीन : मदत कधी, तर पाऊस जेव्हा
गेल्या तीस वर्षांच्या सरासरीहून दुप्पट.
मी पेन्सिल घेऊन बसले.
मला गणित फार येत नाही, पण एवढं येतं :
या वर्षीचा पूर उद्या सरासरीत जाऊन बसणार,
पुढचाही बसेल, त्याच्या पुढचाही.
मग एक दिवस पाणी चार फूट दोन इंच येईल
आणि आम्ही दारात उभं राहून सांगू,
विमलताई, हे नेहमीचंच आहे.
नियमाप्रमाणे काही झालेलं नाही.

समासात लिहिलं : सरासरी भिजली आहे.
खोडलं. असं साहेबांपुढे जात नाही.
लिहिलं : जुनी सरासरी कायम ठेवावी.
लिहिलं : कारणांत ऊन घालावं,
आणि एकाहून जास्त खुणा चालाव्यात.
लिहिलं : ज्याचा कागद पाण्यात गेला
त्याला पाण्याचा कागद मागू नये.
भरतभाई वाचून म्हणाले, शेवटचं वाक्य काढा,
ते धोरणासारखं वाटत नाही.
काढलं नाही.

रात्री नळाखाली टेप धुतला.
गाळ निघाला, गंज राहिला.
ओढला की सरसर येतो,
आणि चार फुटांच्या जरासा पुढे
अडकतो.
उद्या फतेगंज बाजूच्या झोपड्या आहेत.
नवा टेप मागवायला
वेगळा फॉर्म लागतो.