चार पानी, पानगळीचं

"प्रिय शेजाऱ्यांनो" असं दरवेळी सुरू होतं.
मी शेजारी नाही हे त्यांना ठाऊक आहे.
वर्षातले दोनशे दिवस मी ओटावात,
दहाव्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत,
आणि उरलेल्यातले बरेचसे विमानतळावर,
न्यूफाउंडलंडवरचं धुकं उठायची वाट बघत.

गुरुवारपर्यंत मजकूर हवाय छापखान्याला.
पान एक: माझा फोटो, वाऱ्याने केस डोळ्यांत.
पान दोन: देशाची हालहवाल.
संरक्षणावरचा खर्च, घरांच्या किमती, व्याजाचा दर,
उत्तरेकडे बर्फ फोडणारं नवं जहाज,
जे अजून कागदावरच तरंगतंय.
पान तीन: पेन्शनचा आलेख.
पान चार: माशाच्या सूपची कृती. लोक तेवढं कापून ठेवतात.

टेबलावर वसंतातलं पत्र पडलंय, परत आलेलं.
पिंचर्स आर्मच्या डॉर्कस कीपिंगने पाठवलेलं,
घरं सत्तेचाळीस, बोट मंगळवारी आणि शुक्रवारी,
पोस्ट तिच्याच पुढच्या खोलीत, एकतीस वर्षं.
खासदाराला लिहिलेलं पत्र फुकट जातं,
तरी तिने तिकीट लावलंय.
बाजूला बारीक अक्षरात: गल्ला दिसायला हवा ना कुठेतरी.

आत पेन्सिल चाललीय, शाळेच्या वहीवर चालावी तशी.
"ऐतिहासिक" खोडून "नेहमीचा".
"आपणा सर्वांसाठी" खाली दोन रेघा:
सर्व म्हणजे किती? आम्ही त्रेपन्न. मे महिन्यापासून एक्कावन्न.
"सुधारित फेरी सेवा" पुढे फक्त आकडा: ११ दिवस.
आलेखावर रानबेरीच्या मुरंब्याचा डाग,
पेन्शनची रेघ जिथे वर चढते, नेमका तिथे.
आणि सूपच्या कृतीखाली: मीठ कुठाय?

तेव्हा हसले होते. फ्रिजवर लावलं होतं चुंबकाने.

मग जूनमध्ये अंदाजपत्रकाचं विधेयक आलं,
तीनशे चाळीस पानं, आणि दोनशे बाराव्या पानावर
एक कलम, बोटभर:
शंभर घरांच्या आतली पोस्टं.
रात्रीचा पावणेदोन. पक्षाच्या प्रतोदाने
माझ्याकडे बघितलंही नाही, इतकी त्याला खात्री.
आमच्याकडे मत देताना हात वर करत नाहीत,
नाव पुकारतात, उभं राहायचं असतं.
मी उभी राहिले.
तरी हात वर केलेच.

फ्ल्यूरेट, माझी मदतनीस, वय चोवीस, हुशार,
म्हणते, "पुनर्रचना" लिहू या. "डाक सेवेची पुनर्रचना."
पान तीनवर, आलेखाच्या खाली, आठ पॉइंटात.
मी म्हणते, बंद.
ती म्हणते, मग "टप्प्याटप्प्याने".
मी म्हणते, एका खोलीचे किती टप्पे करशील?
उंबरठा आधी, खिडकी मग?
ती गप्प. मीही. खाली रस्त्यावर
मेपलची पानं झाडूवाला यंत्राने फुंकतोय,
इकडची तिकडे.

बावन्न हजार प्रती निघतील.
सत्तेचाळीस त्या बोटीवर चढतील, मंगळवारी,
जर वारा पडला असेल तर.
पोती उघडेल तीच. चष्मा पुसेल,
आणि सत्तेचाळीस खणांत एकेक ठेवेल
तिची स्वतःची खोली बंद होत असल्याची बातमी.
तोवर एक तरी वाचेलच ती.
पोस्टातली बाई पत्र वाचत नाही म्हणतात,
पण हे उघडंच असतं, पाकीट नसलेलं.

लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.
"तुमचं पोस्ट मार्चअखेर बंद होईल.
मी त्या बाजूने उभी राहिले."
पान एकवर. फोटो काढून टाकला, तेवढ्यात बसलं.
कारणं द्यायला जागा होती अजून.
दिली नाहीत. चार कारणं होती माझ्याकडे, चांगली,
छापली असती तर पटलीही असती कुणाला.

छापखान्याला सांगितलंय,
समास दोन बोटं जास्त सोडा.
पानं वाढतील, ते म्हणाले. खर्च वाढेल.
वाढू दे.

आणि फ्ल्यूरेट, चौथ्या पानावर
मीठ घाल. एक चमचा.