पुरे

तासिका तत्त्वावर नेमलेली आहे मी
देवपुरातल्या एका कॉलेजात, तत्त्वज्ञानाला.
नेमणुकीच्या पत्रात तत्त्व आहे ते एवढंच.
विद्यार्थी तीन. एक कांदे काढायला गेला की दोन.

दोन वर्षं एका निबंधावर बसलेय.
समता नको म्हणणाऱ्यांच्या बाजूचा,
म्हणजे नको असंही नाही,
पण सगळ्यांना सारखं मिळालं का हा प्रश्नच चुकला,
पुरेसं मिळालं का एवढंच बघा,
असं म्हणणाऱ्यांच्या.
एकाकडे दोन ट्रॅक्टर, दुसऱ्याकडे सात,
यात बिघडलं काय कुणाचं?
पुरेसेपणाचा एक उंबरठा असतो.
त्याच्या खाली कुणी राहू नये.
वर कोण किती चढलं, ते ज्याचं त्याने.

दोघा समीक्षकांपैकी दुसऱ्याने लिहिलं,
उंबरठा नेमका किती उंच? निकष द्यावा.

वर्गात विचारून पाहिलं.
बाहेर एप्रिल, पंखा नुसता ऊन ढवळतोय.
दिलवर पावरा म्हणाला, मॅडम,
आमच्या घराला उंबरठा नाहीच.
पाणी आत येतं, कोंबड्या येतात, फॉरेस्टवाले येतात.
मी फळ्यावरचा शब्द पुसला.
पुसला तरी दिसत राहिला.

रात्री सुपडाबाईंच्या खानावळीत.
आधीची तीन भावंडं गेली, म्हणून
जन्मल्याबरोबर सुपात घालून शेजारणीला दिलं त्यांना
आणि मूठभर ज्वारी देऊन परत घेतलं.
मूठभर. तेही कुणीतरी ठरवलंच असणार.
ताट सत्तर रुपये.
शेवभाजी, कळण्याची भाकरी, फोडलेला कांदा.
पुढे मोजमाप नाही. वाढणारी थांबत नाही,
खाणाऱ्याने म्हणायचं, पुरे.

आणि तिथेच, घास तोंडात असताना, सुचलं:
आपल्याकडे हा शब्द वाढणाऱ्याचा नाहीच.
वाढणारा पुरे म्हणाला तर पाहुणा उठून जाईल,
पुन्हा त्या दारी यायचा नाही.
उंबरठ्याला बाहेरून टेप लावायची नसते.
ज्याचं पोट, त्याचा शब्द.

खोलीवर येऊन लिहीत बसले.
अडीच वाजता नळ आला, आठ दिवसांनी.
गल्लीभर हंडे, पिंपं, पातेली, एक बाळाचा टबसुद्धा.
कुणीच म्हणत नव्हतं, पुरे.
मी दोन बादल्या भरल्या आणि हे निबंधात घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोचले सगळ्यात शेवटी.
बावीस जण जेवून गेलेले.
माझं ताट संपलं तेव्हा म्हटलं,
मावशी, तुम्हाला कोण वाढतं?
"मी जेवाले बसनू ते वाढी कोन?"

म्हणून डाव घेतला मी हातात.
त्या हसत बसल्या, पाटावर नाही, अशाच,
एक गुडघा वर करून, उठायला सोपं पडावं तसं.
आणि डाव तिरका व्हायच्या आत
ताटावर तळहात.
पुरे, पुरे वं माय.

एक थेंब पडला नव्हता अजून.

हे कुठलं पुरे?
जन्मभर पातेल्याचा तळ आधी बघून
मग भूक ठरवणाऱ्या बाईचं?
खरं धरावं, तर माझा निबंध यांना उपाशी निजवतो.
खोटं धरावं, तर मी कोण?
टेप घेऊन उभा असलेला दुसरा समीक्षक.

एवढ्या वेळात रस्सा सांडलाच,
हाताच्या पाठीवर, लाल, कोमट.
त्यांनी तो चाटला.
थांबल्या. पुन्हा चाटला.

"माय वं! खारी व्हई गयी भाजी.
इतला जन जेवनात,
एक बी बोलना नही?"